एकाच डिस्कची वाटणी : जुळे सोलापुरातल्या एका घरगुती कॉम्प्युटरचं प्रकरण

हे प्रकरण एकाच हार्ड डिस्कचे विंडोजसाठी एक आणि घरच्या डेटासाठी एक असे दोन भाग (पार्टिशन) पाडण्याचं आहे. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डिस्कवरची मापं आणि कामाचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

जुळे सोलापुरातलं चौघांचं घर. वडिलांचा टॉवेलचा छोटा धंदा: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या यंत्रमागांवर माल विणून घ्यायचा आणि बाहेरगावच्या दुकानदारांना पाठवायचा. हिशेब घरीच, टॅलीवर. मुलगी इंजिनिअरिंगला, धाकटा अकरावीला. कॉम्प्युटर एकच, हॉलमधला, २०२१ मध्ये असेंबल करून घेतलेला. दहाव्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०.

१ टीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, एवढाच तो फरक. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने या सगळ्या जागेचा एकच सी ड्राइव्ह करून दिला होता. तीन वर्षांत त्यात साधारण ३४० जीबी भरलं. विंडोज आणि प्रोग्रॅम मिळून ७०, फोटो-व्हिडिओ १९०, सिनेमे ६०, बाकी किरकोळ. ज्याच्यावर घर चालतं तो टॅलीचा डेटा २ जीबीसुद्धा नव्हता. मुलीचे प्रोजेक्ट, टॉवेलच्या डिझाइनच्या फाइल, आधार-पॅनचे स्कॅन, लग्नपत्रिकांचे मसुदे असं सगळं डेस्कटॉपवर पसरलेलं.

काय बिघडलं

२०२४ चा मे महिना. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. त्या वेळी विंडोजचं अपडेट चालू होतं. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीचीच बसलेली. वीज जाताच कॉम्प्युटरही गेला. वीज परत आल्यावर स्क्रीनवर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ आलं, मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं, पुन्हा तेच. चार दिवसांवर जीएसटीचं ३बी विवरणपत्र, म्हणजे २० तारीख.

दुरुस्तीवाल्या मुलाने येऊन पाहिलं आणि नेहमीचं निदान सांगितलं, “काका, फॉरमॅट मारायला लागतंय. डेस्कटॉप अन् डॉक्युमेंटमधलं काढून देतो.” टॅलीचा डेटा नेमका कुठे आहे, असं विचारल्यावर काकांचं उत्तर होतं, “मला काय माहीत? आयकॉन दाबलं की उघडतंय.”

या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत घरोघरचा डेटा जातो. टॅलीची माहिती डेस्कटॉपवरही नसते आणि डॉक्युमेंट्समध्येही नसते. जुन्या आवृत्तीत ती सी ड्राइव्हच्या मुळात टॅलीच्याच फोल्डरखाली असते, नव्या आवृत्तीत युजर्सखालच्या पब्लिक फोल्डरमध्ये. शिवाय कंपनीच्या फोल्डरला फर्मचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. त्यामुळे फर्मच्या नावाने शोधलं तरी हाती काही लागत नाही. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स काढून घेऊन फॉरमॅट मारला असता तर हिशेब गेलाच असता, तेही कोणाच्या लक्षात न येता.

आधी डेटा बाहेर

पहिला निर्णय असा की डेटा बाहेर काढेपर्यंत बिघडलेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. चेकडिस्क नाही, ‘रिसेट’ नाही. चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, आणि डिस्कच आजारी असेल तर तेवढ्या धावपळीने ती पुरती बसू शकते.

पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) घेऊन कॉम्प्युटर त्यावरून चालू केला. इन्स्टॉल न करता नुसता ‘ट्राय’ निवडला. विंडोज नीट बंद झालेलं नव्हतं, त्यामुळे लिनक्सने सी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला. हवं होतं तेवढंच. नवीन १ टीबीची यूएसबी डिस्क जोडून आधी टॅलीचं फोल्डर घेतलं, मग युजर्सचं आख्खं फोल्डर, मग सी ड्राइव्हच्या मुळातली अनोळखी नावांची फोल्डर. जवळपास २७० जीबीला चार तास लागले. मोठा सिनेमा भराभर जातो. पण दोन-तीन एमबीच्या हजारो फोटोंना वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलमागे डिस्कची सुई हलते.

बहुतेक जण विसरतात अशी एक गोष्ट इथे आठवणीने घेतली: विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर. घरातली जुनी पत्रं आणि पत्रिका बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये होत्या. फॉन्ट गेला की अशी फाइल उघडते खरी, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

मग डिस्कची तब्येत पाहिली. स्मार्टच्या यादीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, दोन आकडे महत्त्वाचे: खराब झाल्यामुळे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे बारीक कप्पे) आणि बदलीच्या प्रतीक्षेतले सेक्टर. दोन्ही शून्य. डिस्क धडधाकट होती, बिघाड फक्त विंडोजचा होता. हे आकडे वाढलेले असते तर पुढच्या वाटणीला अर्थच नव्हता. सरळ नवी डिस्क घ्यावी लागली असती.

कोणकोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा मार्ग ‘रिसेट’चा, म्हणजे ‘माझ्या फाइल ठेवा’ हा पर्याय निवडून. युजरच्या फोल्डरातल्या फाइल त्यात राहतात, प्रोग्रॅम जातात. पण थेट सी ड्राइव्हच्या मुळात असलेल्या फोल्डरांच्या भरवशावर राहता येत नाही. शिवाय पुढच्या बिघाडाला पुन्हा हाच घोळ.

दुसरा मार्ग, फॉरमॅट न करता त्याच जागेवर विंडोज पुन्हा टाकायचं. जुनं विंडोज, प्रोग्रॅम आणि युजर्सचं फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरात जातं. अडलेल्या वेळी हे कामी येतं, पण ते फोल्डर तात्पुरतं असतं. साफसफाईत उडालं की संपलं.

तिसरा, पूर्वीच्या काळी करत तसे सी, डी, ई, एफ असे चार भाग. ही रीत जुन्या मर्यादांतून आली. फॅट-१६ या डिस्कवर फाइल मांडण्याच्या जुन्या पद्धतीत एक भाग २ जीबीपेक्षा मोठा करता येत नव्हता, त्यामुळे मोठ्या डिस्कचे तुकडे करणं भाग होतं. विंडोजच्या आजच्या एनटीएफएस पद्धतीत ती अडचण नाही. आज चार भाग केले की फोटोंचा भाग तुडुंब आणि सिनेमांचा अर्धा रिकामा अशी गत होते. फोटो आणि सिनेमे वेगळे ठेवायला फोल्डर पुरतं.

चौथा, नवीन एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान डिस्क) घेऊन विंडोज त्यावर टाकायचं आणि जुनी डिस्क डेटाला ठेवायची. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत चांगला होता. पण त्या महिन्यात बाहेरची डिस्क आणि यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असा खर्च झालेला, म्हणून एसएसडी लांबणीवर पडली.

उरला पाचवा: दोनच भाग. सीमध्ये विंडोज आणि प्रोग्रॅम, डीमध्ये घराचं सगळं. हाच घेतला.

यात एक गैरसमज आधीच काढावा लागला. मुलीला वाटत होतं की भाग केल्याने कॉम्प्युटर पळायला लागेल. फिरत्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला वाचनाचा वेग जास्त असतो आणि पहिला भाग तिथेच येतो, म्हणून थोडा फरक पडतो. पण तो जाणवेल इतका नसतो. उलट सीमधली फाइल डीमध्ये हलवली की ती खरोखर कॉपी होते, वेळ जास्तच लागतो. एसएसडीवर तर कडेचा तो फायदाही नाही. भाग करायचे ते विंडोज पुसावं लागलं तरी डेटाला हात लागू नये म्हणून.

प्रत्यक्ष काम

सीला किती जागा द्यायची यावर बरीच चर्चा झाली. दुरुस्तीवाल्या मुलाचं म्हणणं, “शंभर जीबी रगड.” विंडोज आणि प्रोग्रॅमने ७० आधीच घेतले होते. शेवटी १२० ठरले. हा आकडा पुढे महागात पडला.

विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू करून डिस्कवरचे सगळे भाग काढून टाकले. बाहेरची डिस्क त्याआधीच उपटून ठेवली. भागांच्या यादीत दोन डिस्क दिसत असल्या की भलतीवर क्लिक व्हायला वेळ लागत नाही. ‘न्यू’ दाबून १,२२,८८० हा आकडा घातला. सेटअपमध्ये आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणून १२० गुणिले १०२४. विंडोजने आपल्यासाठी १०० एमबीचा ईएफआय भाग (कॉम्प्युटर चालू होताना विंडोज सुरू करतो तो) आणि १६ एमबीचा एक राखीव भाग आपणहून केला. या दोघांना हात लावायचा नसतो. रिकव्हरीचा अर्ध्या-पाऊण जीबीचा एक छोटा भाग सीच्या शेपटाला येतो, तोही आला.

विंडोज बसल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन मोकळ्या जागेवर राइट क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. इथे एक बारीक अडथळा आला. डीव्हीडी रायटरने डी हे अक्षर आधीच अडवलं होतं, त्यामुळे नवा भाग ई झाला असता. रायटरला झेड दिलं आणि डी मोकळं केलं. क्षुल्लक वाटतं, पण टॅलीत डेटाचा पत्ता एकदा डी असा दिला की विंडोज पुन्हा टाकल्यावरही तेच अक्षर लागतं. नाहीतर टॅली रिकामी उघडते आणि घरात घबराट. भागाला ‘घर-डेटा’ असं नाव दिलं. सेटअपच्या यादीत नाव आणि आकार दोन्हींवरून तो ओळखू यावा, हा हेतू.

बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबतं. डी ड्राइव्ह होतो, रिकामा राहतो आणि लोक पुन्हा डेस्कटॉपवरच सेव्ह करत राहतात. मग वाटणीचा काडीचा उपयोग नसतो. म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डाउनलोड्स ही पाचही फोल्डर डीवर हलवली. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. वापरणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. डेस्कटॉपवर सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात डीवर जाते.

यात एक खड्डा आहे. मूव्ह करताना आधी डीवर त्या नावाचं रिकामं फोल्डर करून तेच निवडायचं असतं. नुसता डी निवडला तर आख्खा डी ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ बनतो. दुसरं फोल्डरही तसंच हलवलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि सोडवताना घाम फुटतो. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचा ऑनलाइन फोल्डर बॅकअप चालू असेल तर तो आधी बंद करावा लागतो, नाहीतर लोकेशनची ओढाताण होते. आणि ‘ॲपडेटा’ फोल्डर हलवायचं नाही. ते प्रोग्रॅमांचं खासगी कपाट आहे, सीवरच राहू द्यावं.

टॅलीचा डेटा डीवर ठेवून टॅलीत नवा पत्ता दिला. डीवरच ‘सेटअप’ नावाचं फोल्डर करून त्यात प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅलीचा इन्स्टॉलर आणि मराठी फॉन्ट ठेवले. विवरणपत्र वेळेत गेलं. दोन दिवस मात्र यात मोडले.

पहिली परीक्षा

जानेवारी २०२५ मध्ये मुलीच्या मित्राने एका सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत आणून दिली. दोन दिवसांत ब्राउझरमध्ये जाहिरातींचा पूर आणि अँटिव्हायरस बंद. साफ करत बसण्यापेक्षा सी पुसायचं ठरलं.

सेटअपच्या यादीत १२० जीबीचा भाग निवडला आणि फक्त ‘फॉरमॅट’ दाबलं, ‘डिलीट’ नाही. विंडोज, ड्रायव्हर, टॅली, प्रिंटर, फॉन्ट धरून साडेतीन तासांत सगळं परत चालू. डीवरचे फोटो, हिशेब जिथल्या तिथे. काही फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ असं आलं, कारण जुन्या विंडोजमधला युजर आता अस्तित्वात नव्हता. ‘कंटिन्यू’ दाबल्यावर उघडली. फोटोंच्या फोल्डरला मात्र परवानग्या बदलायला बराच वेळ लागला.

एक गोष्ट गेली. मुलगी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक्झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट चालवून बघायचा प्रोग्रॅम) वापरत होती. तो प्रोग्रॅम सी ड्राइव्हच्या मुळात बसतो, वेबसाइटच्या फाइल त्याच्याच ‘एचटीडॉक्स’मध्ये आणि डेटाबेस त्याच्याच ‘मायएसक्यूएल’ फोल्डरात राहतो. पाच फोल्डर डीवर हलवली म्हणून सगळंच डीवर आहे, असं गृहीत धरलं गेलं. फाइल गटातल्या मैत्रिणीकडे मिळाल्या, डेटाबेस पुन्हा उभा करावा लागला. मे महिन्यात सीच्या मुळातली फोल्डर आठवणीने घेतली होती. जानेवारीत डी आहे या भरवशावर ती पायरीच गळली.

आणि हे स्पष्टच सांगावं: तो जाहिरातींचा प्रोग्रॅम न निघता फाइल कुलूपबंद करणारा रॅन्समवेअर निघाला असता तर डी वाचला नसता. असा व्हायरस सी-डी बघत नाही, दिसेल त्या ड्राइव्हवर जातो. तिथे कामी येते ती कपाटात सुटी ठेवलेली बाहेरची डिस्क. या घरात ती महिन्यातून एकदा जोडली जात होती. टॅलीचा बॅकअप मात्र रोज पेन ड्राइव्हवर.

दुसरी परीक्षा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) संपला. दहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू केली की झालं. पण सीवर ९ जीबी उरले होते. मुलीची ड्रॉइंगची सॉफ्टवेअर, धाकट्याचा एक गेम आणि फुगलेलं ॲपडेटा. अपग्रेडला एवढी जागा पुरत नाही.

डीवर ३०० जीबीपेक्षा जास्त मोकळं होतं आणि ते सीला देता येत नव्हतं. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट भाग वाढवतं तो फक्त लगत उजवीकडच्या रिकाम्या जागेत. इथे सीच्या लगत रिकव्हरीचा भाग, त्याच्या पुढे डी. डी आकसला तर मोकळी जागा डीच्या पलीकडे निघते. बाहेरचं सॉफ्टवेअर डीची सुरुवात पुढे सरकवू शकतं, पण त्यासाठी शेकडो जीबी डेटा जागचा हलवावा लागतो. त्यात वीज गेली तर डीच जायचा. हा मार्ग लगेच बाद झाला.

शेवटी ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली. विंडोज ११ तिच्यावर टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. दोन्ही जोडलेल्या असल्या की सेटअप जुन्या डिस्कवरचाच ईएफआय भाग वापरतं. मग पुढे कधी जुनी डिस्क काढली की एसएसडीवरून विंडोज चालूच होत नाही. इन्स्टॉल झाल्यावर केबल परत लावली, डीचं अक्षर तपासलं, पाच फोल्डरांचं लोकेशन पुन्हा डीवर दिलं. या वेळी एक्झॅम्पची फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर घेतली होती.

महिनाभराने जुन्या डिस्कवरचा १२० जीबीचा सी काढून टाकला. ती मोकळी जागा डीच्या डावीकडे असल्यामुळे डीला जोडता आली नाही. तिचा वेगळा ई भाग करून सिनेमे तिकडे हलवले. वडिलांची सूचना होती की टॅलीचा बॅकअपही ईवर घ्यावा. ती मानली नाही: डी आणि ई एकाच डिस्कवर आहेत, मोटर बसली तर दोन्ही एकदम जातील.

काय वेगळं करता आलं असतं

सीला २०० ते २५० जीबी द्यायला हवे होते. डीला मग ६८० ते ७३० च्या आसपास उरले असते, जे या घराला पुरून उरले असते. विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची आहे, पण ती फक्त विंडोजपुरती. सी मोजताना आजचा वापर दुप्पट करून वर निदान ५० जीबी धरावेत. डी नंतर कमी करणं सोपं, सी वाढवणं अवघड.

वाटणीसाठी बिघाडाची वाट पाहायचीही गरज नव्हती. विंडोज धड चालत असताना डिस्क मॅनेजमेंटमधल्या ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने सी कमी करून डी काढता येतो, फॉरमॅट न करता. बॅकअप घेऊन, यूपीएस लावून. पुष्कळदा निम्मी डिस्क रिकामी असूनही विंडोज थोडीच जागा सोडायला तयार होतं, कारण पेज फाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट या विंडोजच्या स्वतःच्या, न हलणाऱ्या गोष्टी मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. हायबरनेशन, सिस्टीम प्रोटेक्शन आणि पेज फाइल तात्पुरती बंद करून कॉम्प्युटर रिस्टार्ट केला की बहुधा जास्त जागा सुटते. काम झालं की तिन्ही परत चालू करायची.

यूपीएसच्या बॅटरीचा प्रश्न तर वाटणीच्याही आधीचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीतली छोटी बॅटरी दोन-अडीच वर्षांत मान टाकते. चालू कॉम्प्युटरवरची कामं सेव्ह करून, भिंतीवरचं बटन बंद करून यूपीएस किती मिनिटं धरतो हे दर सहा महिन्यांनी पाहायला एक पैसाही लागत नाही.

विंडोज ११ टाकताना एक बाब थोडक्यात निभावली. २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने नवीन इन्स्टॉल केलं की बऱ्याच कॉम्प्युटरांवर ड्राइव्हचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी) आपोआप चालू होतं, आणि त्यात सीबरोबर आतले इतर ड्राइव्हही येऊ शकतात. मग पुढच्या बिघाडात उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून डेटा काढायला गेलं तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. या घरात अकाउंट मुलीच्या कॉलेजच्या ईमेलवर काढायचं चाललं होतं. कॉलेज संपलं की तो ईमेल बंद होतो आणि रिकव्हरी की त्याच्यासोबत जाते. अकाउंट वडिलांच्या नावावर काढलं आणि रिकव्हरी की छापून टॅलीच्या लायसन्सच्या कागदाबरोबर फाइलला लावली.